संगणक सुरू होईना : शिरूर-दौंडच्या ग्रामपंचायती व शाळांसाठी

ग्रामपंचायतीच्या कचेरीत दप्तराच्या कपाटाशेजारी संगणक आला, त्याला आता बरीच वर्षे झाली. २०११ मध्ये राज्यात 'संग्राम' प्रकल्प सुरू झाला आणि गावपातळीवरील कारभाराच्या संगणकीकरणाने वेग घेतला. पुढे २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्रां'मार्फत हे काम चालू राहिले. ग्रामपंचायतींचे नियोजन व जमाखर्च यांच्यासाठी 'ई-ग्रामस्वराज' ही केंद्र शासनाची प्रणाली २०२० मध्ये आली. जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टीची आकारणी, निरनिराळे दाखले, शाळेतील विद्यार्थ्यांची माहिती आणि शिक्षकांची वेतनदेयके ही सारी कामे आज या एका यंत्रावर अवलंबून आहेत. त्यामुळे सकाळी कळ दाबल्यावर ते सुरू झाले नाही, तर काम अडते ते केवळ कचेरीचे नव्हे, तर दाखल्यासाठी दारात उभ्या असलेल्या माणसाचेही.

अशा प्रसंगी बहुधा दोन गोष्टी घडतात. एक तर 'संगणक बंद आहे, आठवड्याने या' असे सांगून अर्जदाराला परत पाठविले जाते. नाहीतर घाईघाईने कोणातरी दुरुस्ती करणाऱ्याला बोलावून 'काहीही करा, पण चालू करा' असे सांगितले जाते. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. कारण यंत्र चालू करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ते फॉरमॅट करणे, आणि त्यात यंत्र चालू होते, परंतु आतील नोंदी पुसल्या जातात. यंत्र बदलून मिळते. पाच-सात वर्षांच्या नोंदी बदलून मिळत नाहीत. म्हणून 'आधी नोंदी, मग यंत्र' हे सूत्र प्रत्येक कार्यालयाने आणि शाळेने ध्यानात ठेवले पाहिजे. सुदैवाने सुरू न होणाऱ्या संगणकाचा दोष अनेकदा अगदी साधा असतो. क्रमाने तपासणी केल्यास तो कचेरीतच सापडतो.

दोन तालुके, समान अडचणी

भीमा नदीच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड असे हे दोन शेजारी तालुके. दोन्ही पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. एकीकडे रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, पुणे-अहिल्यानगर व पुणे-सोलापूर हे महामार्ग आणि दौंडचे रेल्वे जंक्शन आहे. दुसरीकडे पाबळसारखा अवर्षणप्रवण कोरडवाहू भाग आहे. घोड धरण आणि खडकवासल्याचा कालवा यांच्या पाण्यावर ऊस उभा राहतो, आणि दौंड तालुक्यात गुऱ्हाळांची धुराडी हंगामभर पेटलेली असतात.

या भूगोलाचा संगणकाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. ऊसपट्ट्यात अनेक शेतीपंप एकाच वेळी सुरू झाले की विजेचा दाब खाली येतो आणि ते बंद झाले की एकदम वर जातो. ज्या वाड्यावस्त्यांवरील शाळा शेतीपंपांच्याच वाहिनीवर आहेत, तेथे हा चढउतार विशेष जाणवतो. उन्हाळ्यात कोरडवाहू भागातील वावटळींची धूळ आणि गुऱ्हाळांची काजळी संगणकाच्या पेटीत शिरते. वैशाख सरता सरता वळवाच्या पावसाबरोबर विजा कडाडतात. पावसाळ्यात उबदार जागा शोधत मुंग्या, पाली व उंदीर पेटीत आश्रय घेतात. शहरातील बंदिस्त, वातानुकूलित दालनातील संगणकापेक्षा आपल्या गावातील संगणकाचे आयुष्य कष्टाचे असते. त्याची निगाही त्याच बेताने राखली पाहिजे.

कळ दाबल्यावर काय घडते?

दौंड जंक्शनातून गाडी सुटण्यापूर्वी डब्यांची जोडणी व ब्रेक यांची तपासणी होते, आणि सिग्नल मिळाल्यावरच गाडी हलते. संगणकाचेही तसेच आहे. कळ दाबताच प्रथम वीजपुरवठ्याचा भाग २३० व्होल्टची घरगुती वीज घेऊन तिचे १२, ५ व ३.३ व्होल्ट अशा कमी दाबाच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. त्यानंतर मदरबोर्डवर कायम साठविलेला एक छोटा कार्यक्रम जागा होतो. तो रॅम, की-बोर्ड, पडद्याची जोडणी व हार्ड डिस्क यांची हजेरी घेतो. सर्व हजर असल्यास तो हार्ड डिस्कवरील मुख्य कार्यप्रणालीला, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सला, हाक मारतो. ती रॅममध्ये येऊन बसली की आपल्याला नेहमीचा पडदा दिसतो.

यावरून दोष शोधण्याची रीत आपोआप ठरते. वीज, अंतर्गत तपासणी, हार्ड डिस्क आणि कार्यप्रणाली या चार मुक्कामांपैकी गाडी कोठे थांबली, हे आधी पाहावे. पेटीवरचा दिवा लागतो का, पंख्याचा आवाज येतो का, 'बीप' ऐकू येते का, पडद्यावर अक्षरे उमटतात का, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. पडद्यावर काही संदेश दिसल्यास मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. तालुक्याच्या गावी असलेल्या तंत्रज्ञाला 'संगणक बंद आहे' असे सांगण्यापेक्षा 'पंखा फिरतो, बीप वाजत नाही, पडदा काळा आहे' असे सांगितल्यास त्याची एक फेरी आणि कार्यालयाचे दोन दिवस वाचतात.

पहिला मुक्काम : वीज

दिवा लागत नाही आणि पंखाही फिरत नाही, अशा वेळी संगणकाला दोष देण्यापूर्वी भिंतीवरच्या सॉकेटपासून सुरुवात करावी. त्याच सॉकेटला दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. एमसीबी पडली आहे का, एक्स्टेन्शन बोर्डचे बटण बंद आहे का, संगणकाच्या मागील बाजूचे छोटे बटण चालू आहे का आणि वायर पूर्ण खोचलेली आहे का, हे क्रमाने तपासावे. झाडलोट करताना हललेली वायर हे अगदी नेहमीचे कारण आहे.

यानंतर युपीएस पाहावा. लहान युपीएसमध्ये साधारणतः १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत निकामी होऊ लागते. बॅटरी संपली की काही युपीएस वीज असूनही पुढे पुरवठा देत नाहीत. म्हणून युपीएस बाजूला ठेवून संगणक थेट सॉकेटला जोडून पाहावा. तो सुरू झाला तर दोष युपीएसचा आहे, संगणकाचा नाही. नवी बॅटरी बसवून काम भागते. मात्र तोवर महत्त्वाचे काम थेट विजेवर करू नये. लेझर प्रिंटर युपीएसवर कधीही लावू नये. तो एकदम मोठा भार ओढतो आणि युपीएस लवकर खराब होतो.

तरीही प्रतिसाद नसेल, तर वायर काढून संगणकाची कळ सुमारे ३० सेकंद दाबून धरावी. आत अडकलेली वीज निघून जाते. नंतर वायर लावून पुन्हा प्रयत्न करावा. लॅपटॉपच्या बाबतीतही, चार्जर काढून, हाच उपाय अनेकदा लागू पडतो.

विजेसंबंधी दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली अर्थिंगची. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ व कोळसा असतो आणि ओल टिकली तरच ते काम करते. शिरूरसारख्या कोरड्या भागात उन्हाळ्यात हा खड्डा ठणठणीत वाळतो. तेथे वेळोवेळी पाणी घालण्याचे काम शिपायाकडे किंवा शाळेतील जबाबदार व्यक्तीकडे नेमून द्यावे. दुसरी गोष्ट न्यूट्रलची. तीन फेजच्या जोडणीतील न्यूट्रल तुटल्यास घरगुती सॉकेटमध्ये २३० व्होल्टऐवजी त्याच्या दीडपटीहून अधिक दाब येऊ शकतो. दिवे अचानक प्रखर होऊ लागले की क्षणाचाही विलंब न करता मेन स्विच बंद करावा. विजा चमकत असताना केवळ संगणक बंद करून भागत नाही. सॉकेटमधील पिन आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवाव्यात.

दुसरा मुक्काम : पंखा फिरतो, पडदा मात्र काळा

येथे प्रथम मॉनिटरकडे पाहावे. त्याचा स्वतःचा दिवा लागलेला असून पडद्यावर सिग्नल नसल्याची सूचना दिसत असेल, तर मॉनिटर ठीक आहे. संगणकाकडून त्याला चित्र येत नाही. जोडणीची केबल दोन्ही बाजूंनी काढून पुन्हा लावावी. शक्य असल्यास शाळेतील दुसऱ्या संगणकाची केबल लावून पाहावी. ज्ञात चांगली वस्तू लावून संशयित वस्तूची परीक्षा करणे, ही दोषशोधनाची सर्वांत स्वस्त व खात्रीची पद्धत आहे.

केबल ठीक असूनही पडदा काळाच राहिला किंवा पुनःपुन्हा बीप वाजू लागली, तर बहुतेकदा रॅमची पट्टी सैल झालेली किंवा तिच्या कडेवर धूळ व गंज साचलेला असतो. बीपच्या खुणा प्रत्येक उत्पादकाच्या वेगळ्या असल्याने यंत्राबरोबर आलेली पुस्तिका जपून ठेवावी. हमीची मुदत चालू असेल, तर पेटी उघडू नये. कंपनीच्या सेवाकेंद्राकडेच तक्रार नोंदवावी. मुदत संपलेली असल्यास वायर पूर्णपणे काढून, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी आणि मग रॅमची पट्टी हलकेच काढावी. तिची सोनेरी कडा पेन्सिलच्या मऊ पांढऱ्या खोडरबराने पुसावी, खोडरबराचा चुरा झटकावा आणि दोन्ही टोकांचे खटके बसेपर्यंत पट्टी सरळ दाबून बसवावी. या साध्या कृतीने अनेक 'मेलेले' संगणक पुन्हा सुरू होतात.

संगणक सुरू होऊन काही मिनिटांतच आपोआप बंद पडत असेल, तर तो तापतो आहे असे समजावे. पंख्यात धुळीचा थर बसलेला असतो. लहान ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. ही साफसफाई वर्षातून किमान दोनदा, वावटळींचे दिवस संपल्यावर आणि गुऱ्हाळांचा हंगाम सरल्यावर, करणे इष्ट.

तिसरा व चौथा मुक्काम : अक्षरे उमटतात, पण काम सुरू होत नाही

'सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला की अनेकजण घाबरतात. प्रथम संगणकाला लावलेला पेनड्राइव्ह काढावा. काही संगणक हार्ड डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरच कार्यप्रणाली शोधत बसतात. तो काढून पुन्हा सुरू केल्यावर संदेश नाहीसा होत असेल, तर बिघाड काहीच नाही. संदेश कायम राहिल्यास हार्ड डिस्कची केबल सैल झालेली असू शकते किंवा डिस्कच खराब झालेली असू शकते.

विंडोजचे चिन्ह दिसून संगणक तेथेच अडकत असेल, तर कार्यप्रणालीत बिघाड आहे. विंडोज १० व ११ मध्ये सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसल्यास दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तेथील 'स्टार्टअप रिपेअर' हा पर्याय प्रथम निवडावा. आदल्या दिवशी एखादे अद्ययावतीकरण झाले असेल, तर ते काढून टाकण्याची सोय तेथेच असते. 'सेफ मोड'मध्ये संगणक मोजक्याच आवश्यक भागांसह सुरू होतो. तो तेथे चालला, तर दोष नव्याने घातलेल्या एखाद्या कार्यक्रमात आहे असे अनुमान काढता येते. मात्र 'रिसेट' किंवा 'सर्व काढून टाका' अशा अर्थाचा कोणताही पर्याय, नोंदींची प्रत हाती असल्याखेरीज, निवडू नये.

आणखी एक दोष सहसा लक्षात येत नाही. संगणक सुरू होतो, परंतु शासकीय संकेतस्थळे उघडत नाहीत आणि डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल चालत नाही. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी गोल, ३ व्होल्टची लहान बॅटरी असते. ती संपली की संगणक तारीख विसरतो आणि कित्येक वर्षे मागे जातो. चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्याला अवैध वाटतात. घड्याळाच्या दुकानातही मिळणारी 'सीआर २०३२' ही बॅटरी बसवून तारीख नीट केली की अडलेले काम सुरू होते.

कोठे हात आवरावा?

जळका वास, धूर, फुगलेली लॅपटॉपची बॅटरी किंवा हार्ड डिस्कमधून येणारा टक्-टक् असा आवाज, यांपैकी काहीही आढळल्यास यंत्र तत्काळ बंद करावे आणि पुन्हा सुरू करून पाहू नये. टक्-टक् करणारी डिस्क प्रत्येक प्रयत्नागणिक अधिक खराब होते आणि वाचण्याजोग्या नोंदीही जातात. वीजपुरवठ्याची धातूची डबी कोणीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्या आत घातक दाबाची वीज काही काळ साठून राहते. विद्यार्थ्यांना ही गोष्ट निक्षून सांगावी.

आधी नोंदी, मग यंत्र

कार्यप्रणाली बिघडली म्हणजे नोंदी गेल्या असे नाही. शासकीय संकेतस्थळांवर भरलेली माहिती तेथील मध्यवर्ती संगणकांवर सुरक्षित असते. धोका असतो तो कचेरीच्या यंत्रातच ठेवलेल्या तक्त्यांना, पत्रव्यवहाराला, ठरावांच्या मसुद्यांना, निकालपत्रकांना व छायाचित्रांना. घराची चौकट मोडली तरी आतील सामान शाबूत असते, तशाच या फायली डिस्कवर शाबूत असू शकतात. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात, किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला यंत्र देताना 'नोंदींची प्रत काढून दाखविल्याशिवाय फॉरमॅट करू नये' अशी लेखी सूचना द्यावी आणि तिच्या स्थळप्रतीवर त्याची सही घ्यावी.

खरा उपाय मात्र बिघाडापूर्वीचा आहे. प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी त्या इमारतीबाहेर. दर आठवड्याला प्रत काढण्याचा वार ठरवावा आणि काढलेली प्रत खरोखर उघडते का, हेही महिन्यातून एकदा पाहावे. अनेक नव्या संगणकांत डिस्कवरील माहिती कुलूपबंद असते व बिघाडानंतर ती उघडण्यासाठी ४८ अंकी किल्ली लागते. ही किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवावी. ग्रामपंचायत अधिकारी किंवा मुख्याध्यापक यांची बदली होताना कार्यभाराच्या यादीत जडसंग्रह वस्तूंबरोबरच ही किल्ली, संकेतशब्द, हमीपत्र व नोंदींच्या प्रती यांचाही समावेश करावा. अन्यथा एका व्यक्तीबरोबर साऱ्या कार्यालयाची चावी निघून जाते.

१९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने याचा अनुभव घेतला. 'क्राउडस्ट्राइक' या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक सुरू होईनासे झाले. विमानसेवा, बँका व रुग्णालये यांचे काम खोळंबले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. दुरुस्ती छोटी होती: सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढून टाकायची. परंतु बहुसंख्य ठिकाणी ती प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जाऊन करावी लागली, आणि जेथे ४८ अंकी किल्ली हाताशी नव्हती तेथे ती शोधण्यातच वेळ गेला. या प्रसंगात दोन गोष्टींनी काम तगविले: हाताने काम चालविण्याची तयारी आणि यंत्राजवळ असलेला जाणता माणूस.

अर्जदाराने परत जाऊ नये

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे, आणि पुरेशा कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दंडाची तरतूद आहे. ही मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते, संगणक सुरू झाल्यापासून नव्हे. म्हणून यंत्र बंद असले तरी अर्ज कागदावर स्वीकारावा, आवक नोंदवहीत दिनांकासह नोंद घ्यावी आणि पोच द्यावी. यंत्र सुरू होताच ते अर्ज त्याच क्रमाने संगणकात भरावेत. वस्तीवरून मजुरी बुडवून आलेल्या स्त्रीला 'पुन्हा या' असे सांगणे हा तंत्रज्ञानाचा दोष नसून व्यवस्थेचा दोष ठरतो.

कौशल्य गावातच हवे

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हाताने काम करीत शिकावे आणि शाळेतील शिक्षण गावाच्या गरजांशी जोडावे, हा त्यांचा आग्रह होता. येथूनच मूलभूत तंत्रज्ञानाचा शालेय अभ्यासक्रम आकारास आला, आणि २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने येथे 'फॅब लॅब' ही आधुनिक कार्यशाळा उभी राहिली. अवर्षणप्रवण गावातील मुलेही यंत्रे हाताळू शकतात, दुरुस्त करू शकतात व घडवू शकतात, हे पाबळने दाखवून दिले आहे.

हाच विचार संगणकाच्या निगेला लागू करता येईल. केंद्रप्रमुखांनी एका शनिवारी परिसरातील शिक्षक, संगणक परिचालक व उत्साही विद्यार्थी यांना एकत्र बोलावून निर्लेखनासाठी ठेवलेल्या एखाद्या जुन्या संगणकावर वर सांगितलेली तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. रॅम काढून पुन्हा बसविणे, नाण्याएवढी बॅटरी बदलणे, नोंदींची प्रत काढणे, एवढे जरी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एकदा केले, तरी भीती जाते. निर्लेखित यंत्रे पुढे भंगारवाल्याला विकू नयेत. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच जावीत आणि त्यापूर्वी त्यांतील डिस्कवरील नागरिकांची माहिती पूर्णपणे पुसलेली असावी.

प्रत्येक संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी. बिघाडाची तारीख, दिसलेली लक्षणे, केलेला उपाय व झालेला खर्च तिच्यात लिहावा. एका वर्षात ती वहीच सांगू लागेल की बिघाड पंप सुरू होण्याच्या वेळी अधिक होतात की वळवाच्या दिवसांत, आणि पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद नव्या संगणकासाठी करावी की केवळ बॅटरी व अर्थिंगसाठी. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेपुढे आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे ही वही ठेवल्यास खर्चाचा निर्णय अंदाजाने न होता अनुभवाच्या आधारे होईल.